गणित सोडवावे की सोडावे?

गणित या विषयानं आजवर माझं काही वाकडं केलेलं नाही. मी बी. कॉम. आहे. गेली वीस वर्षं बँकेत कारकून आहे आणि दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात मला चांगली गती आहे. स्वतःचे मोजायची वेळ महिन्यातून एकदाच येते, आणि तेव्हा वजाबाकीपलीकडचं गणित लागत नाही. तेव्हा पुढचा मजकूर म्हणजे गणितात गचके खाल्लेल्या माणसाचा जळफळाट आहे, असं कृपा करून समजू नये. माझं भांडण गणिताशी नाहीच. माझं भांडण घड्याळाशी आहे. हे घड्याळ गणिताची टोपी घालून सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेत शिरलंय आणि पोरं त्यालाच गणित समजून नमस्कार करताहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हिशेब मांडतो, वाद मागाहून. सरकारी बँकेत कारकून व्हायचं असेल तर पहिल्यांदा पूर्वपरीक्षा द्यावी लागते. (कारकुनाला आता 'ग्राहक सेवा सहयोगी' म्हणायचं ठरलंय. नाव लांबलं, खुर्ची तीच आहे आणि तिचा एक पाय अजून डगडगतो.) या परीक्षेत अंकगणिताचा एक विभाग असतो. त्यात प्रश्न ३५ आणि वेळ २० मिनिटं. २० मिनिटांचे सेकंद झाले १२००. भागिले ३५. उत्तर आलं ३४ सेकंद आणि वर थोडी चिल्लर. एवढ्या वेळात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, कच्चं काम करायचं, पाच पर्याय न्याहाळायचे, त्यातला एक टिपायचा आणि पुढच्या प्रश्नावर उडी मारायची. गणकयंत्राला बंदी. शिंक आली तर ती आपल्या खर्चानं.

बरं, प्रश्न कसे असतात? नमुन्यादाखल एक मीच करून देतो. १५० मीटर लांबीची आगगाडी ताशी ५४ किलोमीटर वेगानं जात असेल, तर ३०० मीटर लांबीचा पूल ओलांडायला तिला किती वेळ लागेल? ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. गाडीला पूल आणि स्वतःची लांबी मिळून ४५० मीटर जायचंय. उत्तर ३० सेकंद. म्हणजे बघा, गाडीला पूल ओलांडायला ३० सेकंद लागतात आणि उमेदवाराला गणित ओलांडायला मिळतात ३४. गाडी निदान रुळावरून जाते. तिला मध्येच कुणी पाच पूल दाखवून 'यातला तुझा कुठला?' असं विचारत नाही.

आता हे गणित अवघड आहे का? मुळीच नाही. हायस्कुलात जाणारं पोरही ते करील. करायला दोन मिनिटं घेईल, जीभ बाहेर काढील, पेन्सिल चावील, पण करील. या परीक्षेतली बहुतेक गणितं अशीच शाळकरी असतात: शेकडेवारी, सरासरी, नफातोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग. सोप्या गणिताला अवघड करण्याचा एकच स्वस्त उपाय असतो, तो म्हणजे वेळ काढून घेणं. गरम भजं खाणं हे काही कठीण काम नव्हे. पण मिनिटाला पस्तीस खा म्हटलं की ती शिक्षा होते. खाऊन दाखवलीच कुणी, तर त्याला स्वयंपाकी म्हणून नेमू नये, एवढंच माझं म्हणणं.

चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात. यातली खुबी मात्र मानली पाहिजे. पाच पर्याय असताना डोळे मिटून पाच ठिकाणी ठोकून दिलं, तर सरासरीनं एक बरोबर येणार: जमा एक गुण. चार चुकणार: चार पाव, म्हणजे नावे एक गुण. शिल्लक शून्य! आमच्या बँकेत दिवसअखेरीस रोकडसुद्धा इतकी बिनबोभाट जुळत नाही. परीक्षा काढणाऱ्यांना गणित उत्तम येतं, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. शंका आहे ती इतकीच, की हे उत्तम गणित परीक्षा देणाऱ्यांत शोधायचं सोडून ते भलतंच काहीतरी शोधताहेत.

काय शोधताहेत, ते पुण्याच्या पेठांतून एक चक्कर मारली की कळतं. सदाशिव पेठ, नारायण पेठ या भागांत आता वाड्यांपेक्षा अभ्यासिका जास्त आहेत. एका खोलीत चार कॉटा, खाली मेस, समोर झेरॉक्सचं दुकान आणि भिंतीवर वर्गांच्या जाहिराती. या जाहिरातींत गणित शिकवायचं आश्वासन शोधूनही सापडत नाही. तिथे असतात युक्त्या. 'ट्रिक' हा त्यांचा बीजमंत्र. पाचानं संपणाऱ्या संख्येचा वर्ग कसा करायचा? पासष्ट घ्या. सहाला पुढच्या सातानं गुणा, बेचाळीस. त्यापुढे पंचवीस चिकटवा. ४२२५. दोन सेकंदांत काम फत्ते. सुंदर युक्ती आहे. पण ती का चालते, हे विचारायला दोन मिनिटं लागतात आणि सांगायला तीन. माझ्या भाच्यानं एकदा वर्गात विचारलं. उत्तर मिळालं, ''परीक्षेत 'का' विचारत नाहीत.''

हा भाचा माझ्या अक्काचा मुलगा. गाव साताऱ्याकडचं, घरी चार एकर जमीन, त्यातली दोन पाण्याखाली आणि दोन देवाच्या भरवशावर. पोरगा पदवीधर आहे. चार वर्षं पुण्यात राहून परीक्षा देतोय. रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, आणि जेवून झालं की दप्तर उघडतो. सुरुवातीला मला वाटलं, मामा बँकेत आहे तर शंका विचारील. त्यानं माझ्या हातात मोबाइल दिला. ''मामा, तुम्ही फक्त सेकंद मोजा.'' वाणिज्य शाखेच्या पदवीचा इतका नेमका उपयोग त्याआधी कुणी केला नव्हता.

त्याच्या वहीत एक पान मी पाहिलं आणि चक्रावलो. पानाच्या मधोमध रेघ. एका बाजूला लिहिलेलं, 'करायची'. दुसऱ्या बाजूला, 'सोडायची'. सरळरूप करायचं, संख्यामालिका करायची. नळ आणि टाकी सोडायची. नाव आणि प्रवाह सोडायचा. भागीदारी लांबलचक असेल तर बघायचीही नाही. मी म्हटलं, ''अरे, ही भागीदारी तर तुला येते. दिवाळीत तू गावच्या दुकानाचा वाटा मला तोंडी सांगितलास.''

''येते हो मामा. पण एका भागीदारीत माझी तीन सरळरूपं जातात.''

आमच्या वेळी गणित सोडवायचं असे. आता ते सोडायचं असतं. मराठीत दोन क्रियापदांत एका 'व'चा फरक, पण त्या 'व'त अख्खं शिक्षण गडप झालंय. चार वर्षांची तयारी म्हणजे कुठलं गणित सोडवू नये हे ओळखण्याची तयारी. नोकरी मिळाल्यावर हाच संस्कार घेऊन पोरगं काउंटरवर बसतं, आणि मग अवघड काम घेऊन आलेल्या म्हातारीला 'उद्या या' म्हणतं. लोक म्हणतात, सरकारी बँकेत कामं टाळतात. टाळतील नाही तर काय करतील? टाळण्याच्या परीक्षेत ती पहिली आलेली असतात!

भाचा दर खेपेला गणिताच्या विभागात दीड-दोन गुणांनी मागे पडतो. आता तो सत्तावीस वर्षांचा आहे. खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट अठ्ठावीस. आणि अलीकडे तो एक वाक्य बोलायला लागलाय, त्यानं माझं डोकं फिरतं. ''मामा, मला गणित येत नाही.''

आता या गणित न येणाऱ्या पोराची एक हकिगत सांगतो. गेल्या वर्षी दाजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, दुचाकी घ्यायची होती. दुकानदारानं दुकानातच कर्जाची सोय करून दिली. एक लाख रुपये, तीन वर्षं, व्याज अवघं दहा टक्के. बँकेत बारा टक्के सांगितले होते. दाजी खूश. दहा आणि बारा यांत लहान कोण, हे ओळखायला सातवी पास माणूस पुरे. भाच्यानं कागद मागून घेतला. दरसाल दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार. एक लाख तीस हजार भागिले छत्तीस. हप्ता ३६११ रुपये. इथवर सगळं ठीक. मग हा पठ्ठ्या म्हणाला, ''बाबा, वर्षभर हप्ते भरल्यावर मुद्दल कमी झालेलं असणार. मग दुसऱ्या वर्षी व्याज पुऱ्या लाखावर कसं?''

हा तो 'का'. वर्गात ज्याला बंदी होती तो.

पोरगा रात्री कंदिलासारखा जळणारा एक बल्ब लावून वही घेऊन बसला. महिन्यामागून महिना मांडला. उरलेलं मुद्दल, त्यावरचं व्याज, हप्ता, पुन्हा उरलेलं मुद्दल. छत्तीस ओळी. दोन तास लागले. उत्तर आलं, दुकानदाराचे दहा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवरचे जवळजवळ अठरा टक्के. बँकेच्या बारा टक्क्यांनी हप्ता पडतो ३३२१. महिन्याला २९० रुपयांचा फरक, तीन वर्षांत साधारण दहा हजार चारशे. दहा हे बाराहून महाग, असं सिद्ध करून तो झोपायला गेला. सकाळी मला फोन आला. मी बँकेच्या संगणकावर तपासून पाहिलं. रुपयाचाही फरक नव्हता.

वाचकहो, आता तुम्हीच न्याय करा. बँकेला पाहिजे असलेला माणूस याहून वेगळा असतो का? पण हे गणित परीक्षेत कधी येणार नाही, कारण ते ३४ सेकंदांत बसत नाही. आणि जे ३४ सेकंदांत बसतं, ते मी वीस वर्षांत बँकेत कधी केलेलं नाही. घनमूळ काढून द्या, म्हणून आजवर एकाही खातेदारानं स्लिप भरलेली नाही. नोटा मोजायला यंत्र आहे. व्याज संगणक लावतो. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीप्रमाणे व्याज मोजतात. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरत. तेव्हा कारकुनाला आकडेमोडीचा हात लागायचा, हे कबूल. आज लागते ती समजूत. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज कमी का आलं? करकपात टाळण्याचा अर्ज दिला नाही म्हणून किती कर कापला? कर्जाचे हप्ते पाच वर्षं भरले, तरी मुद्दल हललेलं का दिसत नाही? अशा प्रश्नांना उत्तर द्यायला दहा मिनिटं लागतात, आणि देणाऱ्याला आधी स्वतःला कळलेलं असावं लागतं.

यावर शहाणी माणसं तीन मुद्दे काढतात. मी तिन्ही ऐकून घेतलेत.

पहिला मुद्दा: जागा मूठभर, अर्ज लाखोंनी. कुठेतरी चाळण लावायलाच हवी. बरोबर आहे. गणिताची चाळण तर सगळ्यांत प्रामाणिक. तिला वशिला कळत नाही, आडनाव कळत नाही, कुणाचा मेहुणा मंत्रालयात आहे हे कळत नाही. चाळण काढून टाका असं मी म्हणतच नाही. पण पीठ चाळणारी बाई वर काय राहिलं हे हातानं चाचपून बघते. आपण लाखो पोरं चाळून टाकतो. टाकलं त्यात कोंडा किती आणि पीठ किती, हे चाचपत कुणीच नाही. उलट टाकलेल्यांनाच सांगतो, की बाबांनो, तुम्ही कोंडा आहात. आणि पोरं ते खरं मानतात.

दुसरा मुद्दा: घड्याळ सगळ्यांना सारखंच. इथे माझी हरकत आहे. ज्याच्या बापानं वर्गाची फी भरली, घरात संगणक घेऊन दिला आणि शंभर सराव परीक्षांचे पैसे मोजले, त्याचे ३४ सेकंद आणि झेरॉक्सच्या पानांवर सराव करणाऱ्याचे ३४ सेकंद हे सारखे नसतात. बुद्धी विकत मिळत नाही, पण वेग बऱ्यापैकी मिळतो. पेठेत त्याची दुकानं आहेत.

तिसरा मुद्दा आमच्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठांनी काढला. ''अहो, आपल्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केलीच ना? तीही घोकंपट्टीच.'' केली. पण ती बाजारासाठी केली. सव्वा पायलीचा भाव आला की सवायकी तोंडात तयार असायची. पाढे हे हत्यार होतं आणि समोर काम होतं. इथे हत्यार परजण्यातच पोराची पंचविशी जाते, आणि नोकरी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ते माळ्यावर जातं. पुन्हा खाली काढायचं ते स्वतःच्या मुलाला परीक्षेला बसवताना.

नळ आणि टाकीचं गणित मला मुळात आवडतं, आणि त्याचं कूळही थोर आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तीत हेच गणित आहे. चार झरे एक विहीर भरताहेत. पहिला एकटा ती एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा दिवसाच्या तिसऱ्या भागात, चौथा सहाव्या भागात. चारही एकदम सोडले तर? पहिला दिवसाला एक विहीर भरतो, दुसरा दोन, तिसरा तीन, चौथा सहा. मिळून बारा विहिरी. म्हणजे एक विहीर दिवसाच्या बाराव्या भागात, दोन तासांत. किती निर्मळ गणित! कुणी चाणाक्ष वाचक म्हणेल, की त्या श्लोकातही भास्कराचार्यांनी मित्राला चटकन सांगायला सांगितलंय. सांगितलंय खरं. पण चुकल्यावर पाव झरा कापून घेतलेला नाही. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवानं मठ काढला, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे. अभ्यासासाठी मठ! युक्त्यांसाठी नव्हे.

एवढं मागे जायचं नसेल तर देवळालीला चला. तिथल्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे मास्तर होते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. ३५२४ घ्या. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजा करा. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च! कुठल्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच याल. जगभर आज त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हे मास्तर पस्तीस प्रश्नांपुढे बसले असते, तर पहिल्याच संख्येशी खेळत राहिले असते आणि विसाव्या मिनिटाला पडदा बंद झाला असता. गुण एक. शेरा: अंकगणितात कच्चा.

सरकारला हे कळत नाही असं नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगानं २०११ साली पूर्वपरीक्षेत गणित आणि कलचाचणीची एक प्रश्नपत्रिका आणली. ओरड झाली. २०१५ पासून त्या पेपरात ३३ टक्के पडले की पुरे, गुणवत्तेच्या यादीत ते गुण धरायचे नाहीत, असं ठरलं. आपल्या राज्याच्या आयोगानंही पुढे तोच रस्ता धरला. म्हणजे कलेक्टर व्हायला निघालेल्या उमेदवाराला गणितापुरती तेहतीस टक्क्यांची सवलत, आणि पासबुक छापून द्यायला निघालेल्याच्या मागे ३४ सेकंदांचा चाबूक!

नुसती तक्रार करणारा कारकून कुणाला आवडत नाही, म्हणून उपायही सांगतो. खर्चाचा नाही. प्रश्न ३५ ऐवजी १५ ठेवा. वेळ ३० मिनिटं करा. प्रत्येकाला दोन मिनिटं. त्यांतले पाच प्रश्न खऱ्या कागदावरचे घाला: विजेचं बिल, पासबुकाचं पान, कर्जाचा तक्ता, पीकविम्याची पावती. चुकीला पाव गुण खुशाल कापा. संगणकच तपासणार, त्याला काय, पंधरा तपासा नाही तर पस्तीस. चाळण तेवढीच बारीक राहील, फक्त तिच्यातून निसटणाऱ्यांपेक्षा समजणारे जास्त येतील. आणि एवढंही जमत नसेल तर निदान विभागाचं नाव तरी बदला. 'चपळाई' म्हणा. चपळाईत नापास झालो, असं घरी सांगायला पोरांना लाज वाटणार नाही. गणितात नापास झालो म्हणताना वाटते, आणि ती खोटी असूनही वाटते.

भाच्याची एक परीक्षा अजून बाकी आहे. वही दोन भागांत दुभंगलेली, मोबाइल माझ्या हातात, आणि मी दर रविवारी इमानदारीनं सेकंद मोजतोय, कारण नियम बदलेपर्यंत खेळ त्याच नियमांनी खेळायचा असतो. निकाल काय लागेल तो लागो. दाजींनी कर्ज बँकेतून घेतलं आणि महिन्याचे २९० रुपये त्यांच्या खिशात राहताहेत. तो पर्याय अ, ब, क, ड, इ यांपैकी कशातच नव्हता. पोरानं तो वहीच्या समासात स्वतः लिहिला होता.